हाफकिन यांचे चरित्र : आधी आपल्या अंगावर, मग लोकांच्या

पिंगुळी, कुडाळ, मालवण, वेंगुर्ले या बाजूच्या गावांतून पोटापाण्यासाठी मुंबईस जाण्याची चाल फार जुनी आहे. घरचे भात वर्षभर पुरत नसे. म्हणून घरातील एखादा कर्ता मुलगा गिरणीत किंवा गोदीत कामास राही, आणि त्याने पाठविलेल्या पैशांवर मागे राहिलेल्यांचे दिवस निघत. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला तेव्हा अशाच मजुरांच्या चाळी त्याच्या तडाख्यात सापडल्या. ज्यांची ऐपत होती ते मोकळ्या हवेच्या ठिकाणी जाऊन राहिले. गरिबाला गावाकडे पळण्यावाचून मार्ग नव्हता. हजारो माणसे मिळेल त्या वाहनाने व आगबोटीने शहर सोडून निघाली. रोग एकच, परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. त्या संकटात ज्या परदेशी गृहस्थाने मुंबईत राहून प्लेगवर लस तयार केली, त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. त्यांचे चरित्र आपल्या खेड्यांतील मंडळ्यांनी समजून घ्यावे असे आहे.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राच्या काठच्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ते शहर त्या वेळी रशियाच्या बादशाहीत होते. तेथे यहुद्यांचा फार छळ होई. त्यांच्या वस्तीवर जमाव चालून येत, घरे लुटली जात. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांना कैदही भोगावी लागली. प्राणिशास्त्रात ते हुशार होते व मेचनिकॉफ या नामांकित शास्त्रज्ञांचे शिष्य होते. परंतु यहुदी असल्यामुळे अध्यापकाची जागा त्यांना मिळण्यासारखी नव्हती. राजधर्म स्वीकारला असता तर वाट मोकळी झाली असती. ती किंमत त्यांनी दिली नाही. बाप्तिस्मा हा नोकरीच्या मोबदल्यात घ्यावयाचा नसतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. यास्तव त्या नकाराचा मान आपण अधिकच राखला पाहिजे.

१८८८ साली त्यांनी देश सोडला व पुढे पॅरिस येथील पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील साधे काम पत्करले. फावल्या वेळात ते पटकीच्या जंतूंचा अभ्यास करू लागले. जनावरांवर प्रयोग करून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. परंतु ती माणसास सोसेल की नाही, हे कोणी सांगावे? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि ते बरे झाले. तदनंतरच त्यांनी ती इतरांस देण्याची तयारी केली. त्या काळी पॅरिस येथे इंग्लंडचे वकील असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकीने या देशात किती माणसे मरतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी हाफकिन यांस इकडे येण्यास सुचविले. १८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे त्यांना कळून आले की लस तयार करणे एक आणि ती लोकांच्या गळी उतरविणे दुसरे. परका माणूस, हाती सुई, आणि घरात कोणी आजारी नसताना तो अंगास भोक पाडू म्हणतो! लोक घाबरले व संशय घेऊ लागले, यात नवल नाही. हाफकिन यांनी त्यांचा राग केला नाही. त्यांनी बंगाली डॉक्टरांस बरोबर घेतले, कारण ते लोकांची भाषा बोलत. मजूर दिवसा घरी नसत. म्हणून पहाटे ते कामावर निघण्यापूर्वी आणि रात्री दिव्याच्या उजेडात हे लोक गरीब वस्त्यांत जात. १८९४ साली कट्टल बागान नावाच्या अशाच एका वस्तीत पटकी शिरली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत पटकीचे आणखी ९ रोगी झाले व त्यांपैकी ७ मरण पावले. हे सर्व न टोचलेल्यांपैकी होते. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे डोळ्यांनी पाहिले, आणि जे काम शंभर भाषणांनी झाले नसते ते झाले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांस मुंबईस बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक पडवी मिळाली. मदतीस एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिने रात्रंदिवस काम केले. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी पहिल्याने आपल्याच अंगात टोचून घेतली, आणि पुढे लोकांस देण्याच्या मात्रेहून मोठी मात्रा घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांनाच टोचण्यात आले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले व कोणी मेला नाही. न टोचलेल्यांपैकी १२ आजारी पडले व ६ मेले.

याच सुमारास सरकारने दुसरा मार्गही धरला होता. १८९७ च्या साथीच्या कायद्याने अधिकाऱ्यांस मोठे अधिकार दिले. पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरून रोगी शोधू लागले, सामान बाहेर काढून जाळू लागले, माणसांस जबरीने छावण्यांत नेऊ लागले. त्याचा परिणाम उलटा झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले, प्रेतेही लपवू लागले, आणि औषध देणाऱ्यास शत्रू समजू लागले. त्या वर्षाच्या जून महिन्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व पुढे ते मरण पावले. धाक दाखवून घर उघडता येते, मन उघडता येत नाही. उलट तरुण आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली व आपला बंगला लशीच्या कामास दिला, तेव्हा त्यांचे हजारो खोजे अनुयायी आपण होऊन टोचून घेण्यास आले.

१८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळील उंढेरा नावाच्या खेड्यात प्लेग होता. तेथे हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांस टोचले, म्हणजे एकाच घरात, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्यांत फरक दिसावा. पुढे टोचलेल्यांपैकी ३ मेले आणि न टोचलेल्यांपैकी २६. लशीचा गुण यावरून निर्विवाद ठरला. परंतु वाचकहो, ती २६ माणसेही कोणाची तरी आईबापे व लेकरे होती. आपल्या हाती आलेल्या ज्ञानाची किंमत अशा गरीब गावांनी भरली आहे. तेव्हा त्या ज्ञानाचा लाभ गरीब गावांसच शेवटी मिळावा, हा अन्यायच होय.

१८९९ च्या ऑगस्टात परळ येथील जुन्या सरकारी वाड्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. परंतु तीनच वर्षांनी त्यांच्यावर मोठे संकट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक ती बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करताच वापरला गेला होता. एका क्षणाच्या हयगयीने १९ जीव गेले, आणि निरपराध माणूस पाच वर्षे कलंक वाहत राहिला. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारखे नामांकित शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कोठे १९०७ साली त्यांच्यावरील आरोप दूर झाला. हाफकिन पुन्हा कलकत्त्यास येऊन कामास लागले, पण पूर्वीची जागा त्यांना मिळाली नाही. १९१५ साली ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडातील लोझान शहरी ते मरण पावले. शेवटपर्यंत ते आपल्या यहुदी धर्मास धरून होते, आणि आपली संपत्ती त्यांनी आपल्या लोकांच्या धर्मशाळांतील शिक्षणासाठी ठेविली.

हाफकिन यांच्या त्या जुन्या लशी आज वापरात नाहीत. प्लेग उंदरांवरील पिसवांपासून होतो हे पुढे सिद्ध झाले व त्यावर गुणकारी औषधे निघाली. पटकीस स्वच्छ पाणी आवरते, आणि ती झालीच तर मीठ-साखरेचे पाणी जीव वाचविते. परंतु हाफकिन यांची रीत जुनी झालेली नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात भाताच्या खाचरांत उतरणाऱ्यांस लेप्टोचा ताप येतो. उंदरांचे मूत्र चिखलपाण्यात मिसळते व पायाच्या जखमेतून रोग आत शिरतो. दोडामार्ग, सावंतवाडीकडील रानाकाठच्या गावांत २०१६ पासून गोचिडींपासून होणारा माकडताप दिसू लागला आहे. या रोगांचा भार बंगल्यात राहणाऱ्यावर पडत नाही. लावणी करणाऱ्या बाईवर व काजूच्या बागेत राबणाऱ्या गड्यावर पडतो.

पिंगुळीचे ठाकर लोक चित्रांची पोथी मांडून एकेक चित्र दाखवितात आणि गाऊन कथा सांगतात. ज्यांनी कधी अक्षर गिरविले नाही त्यांनाही ती कथा कळते, कारण ती डोळ्यांपुढे असते व त्यांच्याच बोलीत असते. आरोग्याचे शिक्षण असेच द्यावयाचे असते. उपदेशकाने व मास्तराने प्रथम आपल्या जखमेवर पट्टी बांधून, पायांत रबरी बूट घालूनच खाचरात उतरावे. आरोग्य केंद्रातून आशाताई गोळ्या घेऊन आल्या तर त्यांच्याबरोबर दारोदार जावे. ताप आलेल्यास दोन दिवस घरी न ठेवता दवाखान्यात पोहोचवावे. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता केंद्रास कळवावे. कोणी नकार दिला तर रागावू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. आणि जे सांगावयाचे ते शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचले किंवा नाही, हे पाहिल्याशिवाय आपले काम झाले असे समजू नये.