विश्लेषण : खून नाशिकमध्ये, आरोपी बोटीवर, निकाल हेगमध्ये… सावरकरांचे ‘मोरिया’ प्रकरण नेमके काय होते?

खून नाशिकच्या नाट्यगृहात झाला. त्या खुनाला साह्य केल्याचा आरोप ज्यांच्यावर ठेवला गेला, ते विनायक दामोदर सावरकर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. त्यांना खटल्यासाठी मुंबईला आणणारी आलिशान प्रवासी बोट फ्रान्सच्या बंदरात थांबली आणि ८ जुलै १९१० च्या सकाळी त्यांनी तिच्यावरून समुद्रात उडी घेतली. काही मिनिटांत ते पुन्हा पकडले गेले. मात्र त्या काही मिनिटांमुळे ब्रिटन आणि फ्रान्स या दोन महासत्ता आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभ्या राहिल्या. शाळेच्या पुस्तकात ही उडी एका ओळीत संपते. तिच्या आधी आणि नंतर काय घडले, याचा हा आढावा.

सावरकर लंडनला कसे पोहोचले?

सावरकरांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळच्या भगूर येथे झाला. आई राधाबाई पटकीने गेल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. वडील दामोदरपंत १८९९ मध्ये प्लेगला बळी पडले. थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव यांनी घर सांभाळले. नाशिकमध्ये ‘मित्रमेळा’ आणि पुढे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ ही गुप्त संघटना उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९०५ मध्ये पुण्यात झालेल्या विदेशी कपड्यांच्या होळीत पुढाकार घेतल्याने त्यांना दंड झाला व वसतिगृह सोडावे लागले.

१९०६ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मा यांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी लोकमान्य टिळकांनी शिफारस केली होती. खर्चाचा मोठा भार सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी उचलला. जूनमध्ये ‘पर्शिया’ या बोटीने सावरकर निघाले. कायद्याच्या अभ्यासासाठी त्यांनी ‘ग्रेज इन’मध्ये नाव घातले आणि मुक्काम हायगेटमधील ‘इंडिया हाऊस’मध्ये केला. हे घर म्हणायला विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, पण स्कॉटलंड यार्डची नजर त्यावर कायम असे. १८५७ च्या उठावावरचा त्यांचा ग्रंथ याच काळातला.

१९०९ हे वर्ष इतके निर्णायक का ठरले?

त्या एका वर्षात घटना एकामागोमाग एक घडल्या. फेब्रुवारीत ‘इंडिया हाऊस’मध्ये स्वयंपाकी असलेला चतुर्भुज अमीन भारताकडे निघाला. त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात २० ब्राउनिंग पिस्तुले होती. मार्चमध्ये तो मुंबईत उतरला आणि पिस्तुले संघटनेच्या लोकांपर्यंत पोहोचली. जूनमध्ये बाबारावांना राजद्रोही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्यावरील कारवाई नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी चालवली होती. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये धिंग्रांना फाशी झाली. ‘ग्रेज इन’ने सावरकरांना बॅरिस्टरची सनद नाकारली. याच वर्षी त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकरही दगावला.

२१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि निरोपादाखल ते प्रयोगाला आले होते. औरंगाबादेत शिकणाऱ्या अनंत कान्हेरे या तरुणाने तिथेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि लोकांत मिसळणारे अधिकारी अशी त्यांची ख्याती होती. बाबारावांच्या शिक्षेमुळे मात्र क्रांतिकारकांच्या दृष्टीने ते जुलमी सत्तेचा चेहरा ठरले होते. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

तपासाचा धागा लंडनपर्यंत कसा गेला?

कान्हेरेंच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल हा तपासाचा मुख्य दुवा ठरला. हे पिस्तूल लंडनहून आलेल्या २० पैकी एक असल्याचे सरकारचे म्हणणे होते. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि पिस्तुले पाठवण्यामागे सावरकर असल्याचे चित्र उभे राहिले.

वादाचा मुद्दा इथेच आहे. पिस्तुले लंडनहून निघाली तेव्हा बाबारावांना शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे जॅक्सन यांना मारण्याचे जे कारण पुढे सांगितले गेले, ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते. शस्त्र पाठवणारा माणूस त्या शस्त्राने पुढे होणाऱ्या प्रत्येक खुनाला जबाबदार धरायचा का? सरकारच्या मते कट एकच होता आणि खून त्याचाच भाग होता. सावरकरांच्या बाजूने विचार करणाऱ्यांच्या मते या विशिष्ट खुनाशी त्यांचा थेट संबंध जोडणारा दुवा कमकुवत होता.

अटक लंडनमध्ये, मग खटला मुंबईत का?

जानेवारी १९१० मध्ये सावरकर पॅरिसला गेले. तिथे मादाम कामा आणि इतर सहकारी होते. फ्रान्समध्ये राहिले असते तर ते बरेचसे सुरक्षित होते. तरीही १३ मार्चला ते लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवून त्यांच्यावर १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली कारवाई सुरू झाली. साम्राज्याच्या एका भागातला आरोपी दुसऱ्या भागात खटल्यासाठी पाठवण्याची सोय या कायद्यात होती.

खटला कुठे चालणार, यावर बरेच काही अवलंबून होते. इंग्लंडमध्ये ज्युरीपुढे सुनावणी झाली असती. भारतात १९०८ च्या नव्या कायद्यानुसार उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायपीठ बसणार होते. तिथे ज्युरी नव्हती आणि अपिलाची सोयही नव्हती. त्यामुळे बोट मुंबईला पोहोचण्याचा अर्थ काय, हे कायद्याचा अभ्यास केलेल्या सावरकरांना पक्के ठाऊक होते.

८ जुलैच्या सकाळी बोटीवर काय घडले?

‘मोरिया’ ही पी अँड ओ कंपनीची सुमारे ११ हजार टनांची बोट होती. १९०८ मध्ये बांधलेली, म्हणजे तेव्हा जवळपास नवीकोरी. साहेब लोक, अधिकारी, व्यापारी अशा प्रवाशांच्या सरबराईसाठी तिची ख्याती. १ जुलै १९१० रोजी तिच्यावर सावरकरांना चढवण्यात आले. पहाऱ्यावर स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पार्कर, मुंबई पोलिसांचे अधिकारी पॉवर आणि हिंदी शिपाई होते.

बोट बिघाडामुळे मार्सेलिसला अचानक थांबली, असे अनेकदा लिहिले जाते. लवादाच्या निकालपत्रातील नोंद वेगळी आहे. लंडन पोलिसांनी २९ जूनलाच पॅरिसला पत्र पाठवले होते. सावरकर या बोटीवर असतील आणि ती ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल, असे त्यात कळवले होते. सावरकरांच्या सुटकेचा कुणी प्रयत्न करू नये, म्हणून फ्रेंच पोलीसही सावध होते. ७ जुलैच्या संध्याकाळी बोट बंदरात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकरांनी शौचकूपात जाण्याची परवानगी मागितली. आत गेल्यावर दाराला कडी घातली आणि भिंतीतल्या गोल खिडकीतून, म्हणजे पोर्टहोलमधून, अंग बाहेर काढून पाण्यात उडी टाकली. बोट बंदरातच उभी होती. त्यामुळे त्यांना पोहावे लागलेले अंतर दंतकथांत सांगितले जाते तेवढे नव्हते. अवघड होते ते अरुंद खिडकीतून निसटणे आणि धक्क्याची भिंत चढून जाणे. ते धक्क्यावर चढले आणि धावत सुटले. मागून बोटीवरची माणसे ओरडत येत होती.

एका फ्रेंच सागरी पोलीस हवालदाराने त्यांना गाठले. फ्रेंच भूमीवर पाऊल पडल्याने ब्रिटिशांचा अधिकार संपला, असा सावरकरांचा हिशेब होता. पण पळणारा माणूस कोण, हे त्या हवालदाराला बहुधा ठाऊकच नव्हते. बोटीवरच्या माणसांच्या मदतीने त्याने सावरकरांना परत बोटीवर नेऊन दिले. मादाम कामा आणि व्ही. व्ही. एस. अय्यर मोटारीने मार्सेलिसला पोहोचले तोवर उशीर झाला होता, असे चरित्रकार सांगतात. ९ जुलैला ‘मोरिया’ निघाली. एडनला बोट बदलून २२ जुलैला सावरकरांना मुंबईत उतरवण्यात आले.

फ्रान्सने आक्षेप का घेतला?

सुरुवातीला फ्रेंच सरकारला यात फारसे काही वाटले नाही. मात्र ‘ल्युमानिते’सारख्या समाजवादी वृत्तपत्रांनी प्रश्न लावून धरला. कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँगे आणि समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी आवाज उठवला. राजकीय आरोपीला आश्रय देणे ही फ्रान्सची परंपरा मानली जाई. आपल्या भूमीवर पकडलेला माणूस कोणतीही प्रत्यार्पण प्रक्रिया न करता परक्या पोलिसांच्या हवाली कसा केला, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न होता. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले. ब्रिटनने नकार दिला. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी हे प्रकरण हेगच्या स्थायी लवादाकडे सोपवण्याचा करार झाला.

मुंबईतील खटला मात्र त्यासाठी थांबला नाही. मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, न्या. नारायण चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्यापुढे सप्टेंबरमध्ये सुनावणी सुरू झाली. आपल्याला फ्रेंच भूमीवरून बेकायदा आणल्याने हे न्यायालय आपण मानत नाही, अशी भूमिका सावरकरांनी घेतली. आरोपीला कसे आणले यामुळे न्यायालयाचा अधिकार जात नाही, असे न्यायपीठाने ठरवले. डिसेंबरमध्ये राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल पहिली जन्मठेप झाली. ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन खुनाला साह्य केल्याबद्दल दुसरी. दोन्ही एकापाठोपाठ भोगायच्या होत्या. एकूण ५० वर्षे. तेव्हा सावरकर २७ वर्षांचे होते. पूर्ण शिक्षा भोगली असती तर सुटायला १९६० साल उजाडले असते.

हेगच्या लवादाने काय ठरवले?

बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट लवादाचे अध्यक्ष होते. फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्सचे प्रत्येकी एक सदस्य होते. ज्या माणसावरून वाद चालू होता, त्याच्या देशाचा त्यात कुणी नव्हता. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला. सावरकरांना पकडून सोपवण्यात अनियमितता झाली, हे लवादाने मान्य केले. पण ब्रिटिशांनी फसवणूक केली नव्हती की बळजबरी. दोन्ही देशांच्या पोलिसांत आधीच समन्वय होता आणि चूक फ्रान्सच्याच पोलिसाची होती. अशा चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन घालणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निष्कर्ष काढून लवादाने ब्रिटनच्या बाजूने कौल दिला.

सावरकर दोषी की निर्दोष, हा प्रश्न हेगमध्ये आलाच नाही. तो ज्या न्यायपीठाने सोडवला, तिथे आरोपीने बचावात भाग घेतला नाही आणि निकालाला अपील नव्हते.

पुढे काय झाले?

४ जुलै १९११ रोजी सावरकर अंदमानच्या सेल्युलर तुरुंगात दाखल झाले. बाबाराव आधीपासून तिथेच होते. कोलू, दंडाबेडी, एकांतवास यांतून जात असताना त्यांनी सरकारकडे सुटकेसाठी अर्जही केले. त्या अर्जांच्या अर्थावरून आजही वाद होतो. कुणाला ती डावपेचाची वाट वाटते, कुणाला माघार. १९२१ मध्ये त्यांना भारतात आणले गेले आणि ६ जानेवारी १९२४ रोजी रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या व राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर सुटका झाली. रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे काम केले. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी खुले झाले. १९३७ मध्ये बंधने उठल्यावर त्यांनी हिंदू महासभेचे अध्यक्षपद स्वीकारले. गांधीहत्येच्या खटल्यात ते आरोपी होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज या प्रकरणाचे महत्त्व काय?

‘मोरिया’ १९३० मध्ये मोडीत निघाली. तिच्यावरून उठलेला प्रश्न मात्र कायद्याच्या अभ्यासक्रमात टिकून आहे. आरोपीला चुकीच्या मार्गाने पकडले, तर त्याच्यावर खटला चालवता येतो का? १९६० मध्ये नाझी अधिकारी आइखमान याला अर्जेंटिनातून पळवून इस्रायलला नेले, तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला आणि तिथेही खटला चालला. सावरकरांच्या विचारांविषयी मते टोकाची असू शकतात. पण मार्सेलिसच्या धक्क्यावर जे घडले, त्याचा संबंध विचारांशी नाही. पकडलेल्या माणसाला पोलिसांच्या हवाली करण्याआधी न्यायाधीशापुढे नेले पाहिजे, एवढा साधा नियम तिथे पाळला गेला नाही. त्याची किंमत एका माणसाने मोजली आणि ती परत करण्याचे बंधन कुणावरच नाही, असे जगातल्या सर्वोच्च लवादाने सांगितले.