देवराष्ट्रेचे यशवंतराव : कराडच्या निसटत्या विजयापासून देशाच्या तिजोरीपर्यंत

आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे (ता. कडेगाव) इथं १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आई विठाबाईंनी हाल सोसून पोरं वाढवली.

१९५७ ची निवडणूक त्यांची खरी कसोटी. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावंच्या गावं पेटली होती. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असूनही कराडमध्ये ते थोडक्यात वाचले. मतपेटीतला राग त्यांनी ओळखला, दिल्लीच्या कानी घातला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ ला जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या आणि मत देणाऱ्याच्या हाती गावाकडचा कारभारही आला.

त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं. पराभवाने खचलेलं सैन्य सावरायला नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री केलं. १९६५ च्या पाकिस्तान युद्धातही तेच त्या खात्यावर होते.

१९७० पासून चार वर्षं ते अर्थमंत्री. बांगलादेशचे निर्वासित, युद्धाचा खर्च, १९७२ चा दुष्काळ सगळं तिजोरीवर आलं. १९७३ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट होती. ‘काळा अर्थसंकल्प’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पुढे परराष्ट्र खातंही त्यांनी सांभाळलं.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. समाधी मात्र कराडच्या प्रीतिसंगमावर, आपल्या मतदारांच्या गावातच आहे.