नवी दिल्लीची जागा आणि सुचेता कृपलानी

उमेदवारी वाटपाचे दिवस आले की पक्षांच्या कार्यालयांतील आडाखे जात, पैसा आणि निष्ठा यांभोवती फिरू लागतात. चिन्ह भक्कम असेल तर उमेदवार कोणीही चालतो, हा त्यामागचा समज. मी राहतो ते मुनिरका आज नवी दिल्ली लोकसभा मतदारसंघात मोडते. पहिल्या निवडणुकीच्या वेळी ते शहराबाहेरचे शेतकऱ्यांचे खेडे होते. या मतदारसंघाची पहिली पंधरा वर्षे पाहिली तर तो समज टिकत नाही. आणि ती वर्षे बव्हंशी एका स्त्रीच्या चरित्रात सामावलेली आहेत.

सुचेता मजुमदार यांचा जन्म १९०८ मध्ये अंबाल्यात, एका बंगाली ब्राह्मो कुटुंबात झाला. दिल्लीत शिक्षण, मग बनारस हिंदू विद्यापीठात घटनेच्या इतिहासाचे अध्यापन. १९३६ मध्ये त्यांनी आचार्य कृपलानी यांच्याशी विवाह केला. वर वीस वर्षांनी मोठा, आणि प्रारंभी खुद्द गांधीजींचा विरोध. तरीही त्या मागे हटल्या नाहीत. बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी भूमिगत राहून काम केले, नौखालीच्या दंगलीनंतर तेथील पीडितांमध्ये वावरल्या, संविधान सभेत बसल्या. फाळणीनंतर निर्वासितांच्या मदतकार्यात त्यांनी स्वतःला झोकून दिले. नवी दिल्ली तेव्हा सरकारी नोकरदारांची आणि घरदार गमावून आलेल्यांची नगरी होती. त्यातील दुसऱ्या वर्गाला हे काम काय होते, ते सांगावे लागत नव्हते.

१९५० मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या लढतीत पुरुषोत्तमदास टंडन यांनी कृपलानींचा पराभव केला. पुढच्या वर्षी कृपलानींनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला आणि सुचेताबाईही बाहेर पडल्या. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने मनमोहिनी सहगल यांना उभे केले. सहगल नेहरूंच्या नात्यातल्या. परंतु त्यांना केवळ नात्यावर तिकीट मिळाले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण लाहोरच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. उमेदवार वाईट नव्हता. या जागेसाठी आणि या प्रतिस्पर्ध्यासमोर ती निवड मात्र चुकली, असे माझे मत आहे. देशात ४८९ पैकी ३६४ जागा जिंकणाऱ्या, आणि त्याच हंगामात दिल्ली विधानसभेच्या ४८ पैकी ३९ जागा घेणाऱ्या काँग्रेसला राजधानीतील हीच एक लोकसभेची जागा राखता आली नाही.

१९५७ पर्यंत सुचेताबाई काँग्रेसमध्ये परतल्या होत्या. त्याच मतदारसंघातून, यावेळी काँग्रेसच्या चिन्हावर, त्या पुन्हा निवडून आल्या. पक्ष बदलला, माणूस तोच राहिला. पुढे त्या उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळात गेल्या आणि १९६१च्या पोटनिवडणुकीत जनसंघाचे बलराज मधोक यांनी ही जागा घेतली. नेहरू पंतप्रधान होतेच. नव्हत्या त्या सुचेताबाई. वर्षभरात पेशावरहून विस्थापित झालेल्या मेहरचंद खन्ना यांनी ती काँग्रेसला परत मिळवून दिली.

उमेदवार म्हणजेच सर्व काही, असेही नाही. खुद्द आचार्य कृपलानी १९६२ मध्ये उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्याकडून हरले. तेथे नेहरूंनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली होती आणि आचार्यांची थोरवी त्यापुढे तोकडी पडली. महाराष्ट्रातील वाचकांना त्याचा उत्तरार्धही ठाऊक आहे: पाच वर्षांनी काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारून स. गो. बर्वे यांना उभे केले, आणि अपक्ष लढणारे मेनन हरले.

१९६३ हे कृपलानी दाम्पत्यासाठी विलक्षण वर्ष ठरले. ऑगस्टमध्ये पतीने लोकसभेत नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव मांडला आणि ऑक्टोबरमध्ये पत्नी काँग्रेसची मुख्यमंत्री झाली, देशातील पहिली महिला मुख्यमंत्री. कामराज योजनेने चंद्रभानू गुप्ता यांना पद सोडावे लागले होते आणि गटबाजीने पोखरलेल्या पक्षाला सर्वांना चालेल असे नाव हवे होते. राज्य कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप त्यांनी न झुकता हाताळला. गटबाजी मात्र त्यांनाही आवरली नाही.

१९६७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेस १९९ जागांवर अडली आणि बहुमत गेले. दिल्लीतील सातपैकी सहा जागा जनसंघाकडे गेल्या. नवी दिल्लीत खन्नाही पडले. सुचेताबाई त्या पडझडीतही गोंड्यातून लोकसभेवर निवडून आल्या. १९७१ मध्ये त्यांनी राजकारण सोडले आणि १ डिसेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.