विश्लेषण : तब्येतीसाठी टिळकांनी कॉलेजचे एक वर्ष पणाला का लावले?

लोकमान्य टिळक म्हटले की ‘केसरी’, स्वराज्याचा लढा आणि मंडालेचा तुरुंग आठवतो. मात्र ऐन तारुण्यात त्यांनी स्वतःपुढे ठेवलेले एक उद्दिष्ट राजकारणाचे नव्हते, शरीर कमावण्याचे होते. त्यासाठी गणितात हुशार असलेला हा विद्यार्थी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाला.

तेव्हा परिस्थिती काय होती?

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. 1866 मध्ये कुटुंब पुण्यात आले आणि त्यानंतर लवकरच आईचे निधन झाले. 1871 मध्ये लग्न झाले, 1872 मध्ये वडीलही गेले. टिळक तेव्हा अवघे 16 वर्षांचे होते. त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुढे डेक्कन कॉलेजमध्ये दाखल झाले. बुद्धी तल्लख होती, पण अंगकाठी किरकोळ आणि प्रकृती नाजूक. वडिलांचे छत्र हरपलेल्या मुलाने झटपट पदवी घेऊन नोकरीला लागावे, हाच त्या काळचा सरळ मार्ग होता. टिळकांनी तो एका वर्षासाठी बाजूला ठेवला.

त्या वर्षी नेमके काय केले?

डेक्कन कॉलेज मुळा-मुठेच्या काठी होते आणि विद्यार्थी तिथेच राहात. टिळकांचा दिवस तालमीत, कुस्तीत आणि नदीत जाऊ लागला. पोहणे आणि नाव वल्हवणे या दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या. व्यायामाला साजेसा खुराकही वाढवला. अभ्यास मागे पडला तो आळसाने नव्हे, तर ठरवून. वर्षभरात अंग भरले, ताकद वाढली. परीक्षेत मात्र अपयश आले.

मग अभ्यासाचे काय झाले?

शरीराचे काम मार्गी लागल्यावर टिळक पुस्तकांकडे वळले. पुढे त्यांनी बी.ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. 1879 मध्ये एलएल.बी. पूर्ण केले. जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तर 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’. बुडालेल्या एका वर्षाने पुढची वाट अडवली नाही.

या मेहनतीचा कस कुठे लागला?

तुरुंगात. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. 1897 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली. तिथले अन्न मानवले नाही, वजन घटले, प्रकृती खालावली. सप्टेंबर 1898 मध्ये मुदतीआधी सुटका झाल्यावर त्यांनी विश्रांतीसाठी सिंहगड गाठला आणि तिथल्या हवेत तब्येत पुन्हा सावरली. तरुणपणी एकदा जमवलेली गोष्ट दुसऱ्यांदा जमवायची होती.

सर्वांत कठीण परीक्षा 1908 मध्ये आली. 22 जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी ते वयाची 52 वर्षे पूर्ण करणार होते आणि मधुमेहाने त्यांना आधीच गाठले होते. मंडालेत लाकडी फळ्यांची खोली, कडक उन्हाळा आणि एकटेपणा होता. मधुमेहामुळे खाण्यापिण्याचे पथ्य सांभाळणे भाग होते. ते पाळत, नियमित वाचन करत त्यांनी दिवस काढले. ‘गीतारहस्य’ याच तुरुंगात, पेन्सिलीने लिहून पूर्ण झाले. 1912 मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची बातमीही तिथेच ऐकावी लागली. 1914 मध्ये सुटल्यावर ते घरी बसले नाहीत. 1916 मध्ये होमरूल लीगची स्थापना केली आणि साठीत पुन्हा दौरे सुरू केले.

व्यायामामुळे आजार टळले का?

नाही. कमावलेले शरीर असूनही मधुमेह झाला, तुरुंगाने तब्येत खाल्ली आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईत वयाच्या 64 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यामुळे त्या एका वर्षाला जादू समजणे चुकीचे ठरेल. व्यायाम म्हणजे आयुष्यभराची हमी नव्हे.

आज यातून काय घेता येईल?

फिटनेसचा संकल्प बहुतेकांचा मोडतो, कारण त्यासाठी काय सोडायचे हे ठरलेले नसते. नोकरी, अभ्यास, झोप, मोबाइल सारे तसेच ठेवून व्यायामाला उरलेला वेळ दिला जातो, आणि वेळ उरत नाही. टिळकांनी एक उद्दिष्ट निवडले, त्याला एका वर्षाची मुदत दिली आणि त्याची किंमत उघडपणे मोजली. प्रत्येकाला वर्ष देता येणार नाही, द्यायची गरजही नाही. पण रोजचा अर्धा तास कशातून काढायचा, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे लागते.