तळं कोणाच्या मालकीचं?

१४ एप्रिलला आमच्या आदिलाबादेत भाषणं तेलुगूत होतात, मराठीत होतात आणि निम्मी तेलुगू निम्मी मराठी अशीही होतात. प्रत्येक भाषणात संविधान येतंच. राज्यशास्त्राच्या तासाला मात्र शिकवतात की मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. राज्यसंस्था म्हणजे कोण, तेही कलम १२ मध्ये दिलंय. सरकार, विधिमंडळ, स्थानिक संस्था वगैरे. मग लॉजवाल्यानं, क्लबानं, जातीच्या पंचांनी किंवा गावातल्या एखाद्या कमिटीनं माणसाला बंदी घातली तर त्यानं जायचं कुठे? हा प्रश्न मनात धरून मी बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. या माणसाला आयुष्यात जागोजागी अडवलं ते बहुतेक वेळा खासगी हातांनीच, हे मला यावेळी पहिल्यांदा नीट दिसलं.

भीमराव रामजींचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. वडील सुभेदार. पेन्शन घेतल्यावर कुटुंब साताऱ्याला आलं. शाळेत गोणपाटावर वेगळं बसवत, ही गोष्ट आपण पाचवीपासून ऐकतो. ती शाळा सरकारी होती, म्हणजे निदान तक्रार करायला एक कचेरी तरी होती. पण साताऱ्यातले न्हावी या पोरांच्या डोक्याला हात लावत नसत. धोबी कपडे घेत नसत. पैसे नव्हते असं नाही, सुभेदारांची पेन्शन होती. तरी धुणं बहिणींनी धुवायचं आणि केस थोरल्या बहिणीनं कापायचे. कापून कापून तिचा हात चांगला बसला होता, असं त्यांनी स्वतःच आठवणीत लिहून ठेवलंय. न्हाव्यावर फिर्याद कशाची करणार? दुकान त्याचं, वस्तरा त्याचा. हे न्हावी-धोबी लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

१९१७. न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून आलेला २६ वर्षांचा तरुण शिष्यवृत्तीच्या करारामुळे बडोदा संस्थानात नोकरीला जातो. राहायला जागा मिळेना. एक पारशी मुसाफिरखाना सापडला, पण तो फक्त पारशांसाठी. रखवालदाराला गिऱ्हाईक हवं होतं, याला छप्पर हवं होतं. रोजचे दीड रुपया ठरले आणि वहीत एक पारशी नाव लिहिलं गेलं. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, एवढाच हुकूम. ते एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर जातील. मग एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. हा घराण्यानं मूळचा ब्राह्मण. त्यानं सांगितलं, बायको उद्या येणार आहे, तिला विचारून कळवतो. काय ते समजून बाबासाहेब तिथूनही उठले. आपला अंक ख्रिस्ती कॉलेजातून निघतो, म्हणून हा प्रसंग गाळू नये असं मला वाटतं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्री मुंबईला परतले.

त्या दिवशी कोणीही कायदा मोडला नव्हता. मुसाफिरखाना खासगी, मित्रांची घरं खासगी. बाबासाहेब कोर्टात गेले असते तरी मागायला हक्कच नव्हता.

महाडचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ असतो. पण त्यानंतर दहा वर्षं चाललेला दावा फारसा कोणी सांगत नाही. मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे राज्यसंस्थेची बंदी कागदावर संपली होती. तरी १९२७ पर्यंत कोणी तिथे पाणी भरू शकलं नाही, कारण बंदी गावाच्या हातात होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्यायले. नंतर गावात मारहाण झाली आणि तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा गावातल्या काही स्पृश्यांनी दिवाणी कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं काय, तर तळं सार्वजनिक नाहीच, आमच्या खासगी मालकीसारखं आहे, आणि दुसरे कोणी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट फार जुनी आहे. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेब या दाव्यात प्रतिवादी. हजारो माणसं जमलेली असताना त्यांनी हुकूम मानला आणि तळ्यावर जाणं थांबवलं. जमलेल्या माणसांना हे पटवणं सोपं नव्हतं. मनुस्मृतीचं दहन त्याच परिषदेतलं, २५ डिसेंबरचं.

दावा महाडला फेटाळला गेला, ठाण्याला अपीलही फेटाळलं गेलं आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं शेवटचा निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना शिक्षा देणारेच. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि ती वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. बाबासाहेब जिंकले, पण कशावर जिंकले ते पाहा. पुरावा कमी पडला म्हणून. तळं खरंच कोणाच्या खासगी मालकीचं निघालं असतं तर? त्या काळच्या कायद्यात त्यांच्या बाजूनं फारसं काही उरलं नसतं. पाणी पिण्याचा हक्क सातबाऱ्यावर लटकलेला होता म्हणा ना.

मधेच १९३४ मध्ये दौलताबादचा प्रकार घडला. किल्ल्याच्या दाराशी हौदावर सोबत्यांनी तोंड धुतलं म्हणून मुसलमानांनी त्यांना घेरलं. शेवटी एक शिपाई बरोबर देऊन, पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर आत सोडलं. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि आदिलाबादही.

मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं त्यांनी संविधान सभेसाठी एक मसुदा तयार केला. त्यात खासगी कारखानदारानं नोकरीत भेदभाव केला तर तो गुन्हा, आणि सामाजिक बहिष्कार हाही गुन्हा. बहिष्काराची व्याख्या त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या कायद्यावरून घेतली होती. घर किंवा जमीन भाड्यानं न देणं, कामावर न घेणं, रीतीप्रमाणे मिळणारी सेवा तोडणं, बोलणं-चालणं बंद करणं, आणि हे करायला दुसऱ्याला चिथावणं, असं सगळं त्यात होतं.

संविधानात यातला काही भाग आला. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत आजच्या कलम १५ आणि १७ वर चर्चा झाली. (आमचा भाग निजामाच्या हातातून सुटून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.) कलम १५ चा दुसरा खंड सरकारपुरता थांबत नाही. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असं तो सांगतो. दुकान म्हणजे काय, असं सभेत विचारलं गेलं तेव्हा बाबासाहेबांनी अर्थ मुद्दाम रुंद केला. जो कोणी लोकांना आपली सेवा द्यायला बसलाय त्याची जागा म्हणजे दुकान. उदाहरणं दिली ती धोब्याची आणि न्हाव्याची. साताऱ्याचा उल्लेख त्यांनी तिथे केला नाही.

विहिरी-तळ्यांचं कलम मात्र सरकारी पैशानं राखलेल्या किंवा लोकांसाठी अर्पण केलेल्या जागांपुरतंच आहे. महाडच्या वादींची खासगीपणाची पळवाट एवढ्यानं बुजत नाही. ती बुजवतं कलम १७, कारण अस्पृश्यता कोणत्याही रूपात पाळणं तिथे बंद केलंय, मग मालक कोणीही असो. १९५५ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

बहिष्काराचा तो मसुदा मात्र मागेच राहिला. उत्तर तेलंगणातल्या वाचकांना व्हीडीसी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. व्हिलेज डेव्हलपमेंट कमिटी ग्रामपंचायत नसते आणि तिला कायद्याचा आधार नसतो. गावातले वजनदार लोक ती चालवतात. वर्गणी, बेल्ट शॉपचा लिलाव, दंड, सगळं त्यांच्या हातात. दंड भरला नाही तर अख्ख्या कुटुंबावर, कधी एका जातीवर बहिष्कार. किराणा नाही, न्हावी नाही, मजूर नाही, आणि त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड. अशा बातम्या पेपरात येतच राहतात. वाचताना ब्रह्मदेशाच्या त्या कायद्याची यादीच समोर आल्यासारखी वाटते.

इथे कलम १५ अपुरं पडतं, कारण ते जात, धर्म अशा ठरावीक कारणांपुरतंच बोलतं. जमिनीच्या भांडणावरून किंवा दंड थकला म्हणून वाळीत टाकलं तर? दुसरी बाजूही आहे. संघटना करण्याचा हक्क संविधानानंच दिलाय. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मान्यता दिली. बडोद्याचा प्रसंग वाचलेल्या माणसाला हा निकाल वाचताना चमत्कारिक वाटतं, पण आपल्या समाजानं एकत्र राहावं असं वाटणं आणि एखाद्याचं पाणी तोडणं, हे मला एका मापाचं वाटत नाही. २०२३ मध्ये घटनापीठानं ४ विरुद्ध १ असं म्हटलं की कलम १९ आणि २१ चे हक्क खासगी माणसांविरुद्धही मागता येतात. त्याचा गावपातळीवर वापर व्हायला अजून वेळ लागेल.

जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ मध्ये कायदा केला, २०१७ च्या जुलैपासून तो लागू आहे. पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या बाजूला, तसा वेगळा कायदा नाही. दलित-आदिवासी कुटुंबावर बहिष्कार टाकला तर ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीपासून तो गुन्हा आहे. इतर कोणाला वाळीत टाकलं तर पोलीस ठाण्यात फिर्याद धमकीची, खंडणीची अशी बसवून लिहावी लागते.