फॉलिक ॲसिडच्या गोळीमागचे डॉक्टर

मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडतात, रक्ताचे जुलाब होतात, त्या आजाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आमच्या ओपीडीत या रुग्णांच्या चिठ्ठीवर सल्फासॅलॅझिनसोबत फॉलिक ॲसिडची लहानशी पिवळी गोळी असते. बरेच जण ती ताकदीची गोळी समजून सर्वांत आधी बंद करतात. ती गोळी आपल्यापर्यंत आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची ही ओळख.

जन्म १८९५ चा, आंध्रातील भीमावरमचा. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात झाले. दोन भाऊ स्प्रूने गेले. स्प्रू हाही आतड्याचाच आजार. त्यात खाल्लेले अंगी लागत नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गांधीजींच्या प्रभावाने त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादी वापरली. ते इंग्रज प्राध्यापकांना रुचले नाही आणि एमबीबीएसऐवजी कमी दर्जाच्या एलएमएसवर समाधान मानावे लागले.

पुढे सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी रक्त-लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा शोध लावला. तरीही हार्वर्डने कायम केले नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषध कंपनीत गेले. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. भावांना नेणाऱ्या स्प्रूवर ते उपयोगी ठरले.

याच चमूने मग फॉलिक ॲसिडचे काम रोखणारी औषधे बनवली. त्यांतूनच मेथोट्रेक्सेट आले. विदर्भात हत्तीरोगासाठी घरोघरी देतात ती डीईसीची गोळीही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झालेल्या संशोधनातली. १९४८ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. मायदेशी परतणे झालेच नाही.

आता पुन्हा आपल्या चिठ्ठीकडे. सल्फासॅलॅझिन आतड्याची सूज उतरवते, पण फॉलिक ॲसिड शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणते. ही तूट लहान गोळी भरून काढते. नाहीतर रक्त कमी होण्याचा धोका असतो.

आजार मध्यम ते तीव्र असेल तर एका औषधावर भागत नाही. स्टेरॉइड भडका लवकर विझवते, पण ते फार काळ देता येत नाही. मग ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक इंजेक्शने किंवा दोन्ही एकत्र द्यावी लागतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ आठवड्यांनंतर स्टेरॉइडशिवाय आजार आटोक्यात असलेले रुग्ण जोडीच्या उपचारात सुमारे ४० टक्के होते; एकेकटे औषध घेणाऱ्यांत २२ ते २४ टक्के. बायोलॉजिकविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार होतात आणि औषध लागू पडेनासे होते; दुसरे औषध त्यांना आवर घालते. ॲझाथायोप्रिन सोसत नसेल तर काहींना या कामासाठी मेथोट्रेक्सेट देतात. त्यासोबतही फॉलिक ॲसिड लागतेच. गर्भारपणात मात्र मेथोट्रेक्सेट वर्ज्य.

दोन औषधांनी प्रतिकारशक्ती दबते, म्हणून बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी आणि नंतर नियमित रक्ततपासणी करून घ्यावीच लागते.

कोणती गोळी कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पण जुलाब थांबले म्हणून चिठ्ठीतली एखादी ओळ स्वतःच खोडू नका.