मैत्रीतले विष रंगभूमीवर आणणारा नाटककार

दोन स्त्रियांमधील जिव्हाळा संशयाच्या, मत्सराच्या आणि अखेर विनाशाच्या वाटेने जातो, ही कथा मानसशास्त्रीय थरारकादंबऱ्यांचा हुकमी विषय बनली आहे. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांनी तो १९८१ मध्येच ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात हाताळला होता. त्यात ना खून होता, ना पोलिसी तपास. तरीही प्रेक्षक अस्वस्थ झाले.

विजय धोंडोपंत तेंडुलकर यांचा जन्म ६ जानेवारी १९२८ रोजी झाला. घरात पुस्तकांचे आणि नाटकाचे वातावरण होते. बेचाळीसच्या चळवळीत उडी घेतल्याने चौदाव्या वर्षी शिक्षण सुटले. पुढे ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ यांसारख्या दैनिकांत त्यांनी पत्रकारिता केली. समाजाचा सभ्य चेहरा आणि त्याच्या पोटातली हिंसा यांतले अंतर पाहण्याची सवय याच काळात पक्की झाली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने १९६७ मध्ये त्यांचे नाव सर्वदूर नेले. ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ यांनी वादळे उठवली. सत्तरच्या दशकात नेहरू शिष्यवृत्ती घेऊन त्यांनी समाजातील हिंसेचा अभ्यासही केला.

‘मित्राची गोष्ट’मध्ये ही हिंसा दबक्या पावलांनी येते. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातील महाविद्यालयात शिकणारी, धीट आणि मोकळ्या वागण्याची सुमित्रा देव म्हणजे मित्रा. पुरुषाकडे आपली ओढ नाही, याची जाणीव तिला आत्महत्येच्या प्रयत्नापर्यंत नेते. त्यातून ती वाचते. पुढे महाविद्यालयाच्या नाटकात ती पुरुषभूमिका करते आणि सोबत काम करणाऱ्या नमावर तिचे प्रेम जडते. मैत्रीच्या आडोशाने हे नाते वाढते. मात्र त्यात लवकरच मालकीहक्क शिरतो. नमाची ओढाताण, मित्राचा हट्ट आणि नमावर हक्क सांगणाऱ्या मन्या दळवीचा मत्सर यांतून गोष्ट घट्ट आवळत जाते. ही कथा सांगणारा बुजरा बापू मित्राचा एकमेव विश्वासू सोबती. पण शेवटी तोही दूर होतो. मित्रा आत्मनाश पत्करते.

तेंडुलकरांनी मित्राला देवता केले नाही आणि राक्षसीणही केले नाही. ती नमाला वेठीस धरते, हे त्यांनी लपवले नाही. परंतु जे नाते उघड बोलताच येत नाही, ते गुपितांवर जगते आणि गुपिते धमकीचे हत्यार बनतात, हेही दाखवले. सुमित्राचे ‘मित्रा’ करताना त्यांनी शीर्षकाला दुहेरी अर्थ दिला. ही मित्राची गोष्ट आहे, तशीच मित्र म्हणून कमी पडलेल्या बापूचीही.

मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली. पुढच्याच वर्षी त्या ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा म्हणून जगासमोर आल्या. १९८२ च्याच ‘उंबरठा’त, तेंडुलकरांच्या पटकथेत, महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे असेच नाते पुन्हा डोकावले. ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत निदर्शने झाली ती १९९८ मध्ये, म्हणजे ‘मित्राची गोष्ट’नंतर सतरा वर्षांनी.

मनाच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत शिरण्याची वाट मराठी नाटकाने पुढेही सोडली नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ‘जिगीषा’ संस्थेतून घडलेले लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘ध्यानीमनी’त एका आईच्या मनात वाढणाऱ्या मुलाची थरारक कथा रंगवली. २०१७ मध्ये त्यावर चित्रपटही आला.

तेंडुलकरांना १९८४ मध्ये पद्मभूषण मिळाले. उतारवयात मुलगा, पत्नी आणि अभिनेत्री कन्या प्रिया यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने दूर केली, ती त्यानंतर दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये. मित्रावर घातलेला एक पहारा त्या निकालाने उठला. घराचे आणि मित्रांचे दार तिच्यासाठी उघडे राहील का, हा नाटकातला प्रश्न मात्र प्रेक्षकांकडेच राहिला आहे.